शरूचं तोंड आलं तेव्हा

लोणावळ्याच्या बाजारात मला अजून बायका बाजूला घेतात. टेम्पोतून पोती उतरत असतात, हॉटेलचा माणूस भावावरून माझं डोकं खात असतो, आणि मधेच कोणीतरी कोपराला धरून विचारतं, "सुनंदाताई, तुमच्या मुलीला ते तोंडाचं काय झालं होतं हो?" आवाज खाली आलेला असतो. तो का खाली येतो, ते मला कळतं.

म्हणून एकदाच मोठ्या आवाजात लिहिते. माझ्या मुलीच्या, शर्वरीच्या, म्हणजे आमच्या शरूच्या, तोंडात बुरशी झाली होती. तिचे दात किडले होते. दातांचं काम केल्यावर बुरशी गेली. यात कुजबुजण्यासारखं काही नव्हतं. तरी लोक कुजबुजले, आणि आजारापेक्षा तेच आम्हाला जास्त लागलं.

मी डॉक्टर नाही. भाजे गावची सून, दहावी नापास. लेण्यांच्या पायऱ्यांखाली करवंदं विकण्यापासून सुरुवात केली आणि आज मावळातला इंद्रायणी तांदूळ आणि भाजीपाला लोणावळ्याच्या हॉटेलांना आणि बंगल्यांना मी पुरवते. मला कोणी हात दिला नाही. माझं तोंड फटकळ आहे हे मला माहीत आहे. ते नसतं तर व्यापाऱ्यांनी मला पहिल्याच हंगामात गिळलं असतं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. शरूच्या दुखण्यात बोट माझ्या धंद्याकडे दाखवलं गेलं, म्हणून सांगते.

आजारपणावरचे लेख मी वाचलेत. त्यांत शेवटी सगळ्यांचे आभार असतात. माझ्याकडे तेवढे आभार नाहीत. जे आहेत ते ओघात येतील.

उष्णता

शरू त्या वर्षी नुकतीच पहिलीत गेली होती. पावसाळ्यात तिला खोकला झाला. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि पोरांना खोकला होतो, त्यात नवीन काही नाही. जवळच्या दवाखान्यातून औषध आणलं. गुलाबी, गोड. बरं वाटलं, परत खोकला झाला, परत तेच औषध. झोपताना एक चमचा द्यायचा. ती हट्ट न करता प्यायची आणि तशीच झोपायची. मला वाटायचं, गुणाची पोर आहे.

मग ती जेवेना. भाकरीचा तुकडा तोंडात घेतला की डोळ्यांत पाणी.

"तिखट लागतंय."

भाकरी कुठली तिखट! ताकभात दिला, तरी तेच. उजेडाला नेऊन तोंड उघडायला लावलं, तर जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे चट्टे. दूध प्यायल्यावर राहतं तसं. बोटाने पुसायला गेले तर पुसलं जाईना.

सासूबाईंनी लांबूनच पाहिलं. "तोंड आलंय पोरीचं. उष्णता झालीया लय. गुलकंद द्या."

तोंड आलं म्हणजे उष्णता झाली, हे आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही. उष्णतेवर थंड द्यायचं हेही नाही. माझ्या थोरल्या जावेने, तिला मी अक्का म्हणते, माहेरून बरणीभर गुलकंद मागवला. तिच्या मनात तेव्हा खोट होती असं मी म्हणणार नाही. सकाळी गुलकंद, झोपताना गुलकंद, आणि दिवसभर गालात खडीसाखरेचा खडा. खडा विरघळेपर्यंत शरू गप्प असायची. आम्हाला वाटायचं, गुण येतोय.

तिच्या पुढच्या दातांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, मागच्या दाढांत खड्डे होते. ते कोणाला दिसले नव्हते असं नाही. पण "दुधाचे दात हायेत, पडायचेच," हे वाक्य आमच्याकडे घरोघरी तयार असतं. किडलेला दुधाचा दात म्हणजे जुन्या भाड्याच्या खोलीची गळकी कौलं. सोडूनच जायचंय, दुरुस्त कोण करतो?

बुरशी

गुलकंदाची बरणी तळाला गेली तरी चट्टे जाईनात, तेव्हा मी तिला तळेगावला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्कर सर होते. त्यांनी एक चपटी काडी घेतली आणि गालाच्या आतला पांढरा थर खरवडला. दह्याच्या कवडीसारखा तो काडीवर आला आणि खालची जागा लालभडक निघाली, रक्त पाझरलं. शरू अशी ओरडली की बाहेर बसलेली पोरंही रडायला लागली.

"बुरशी आहे ही," सर म्हणाले.

"तोंडात?"

"थोडी सगळ्यांच्याच तोंडात असते. तुमच्या, माझ्या. हिच्या तोंडात माजलीय."

लोणावळ्यात बुरशी ही बातमी नाही. पावसाळा उलटला की बंगलेवाले येतात आणि चामड्याच्या चपला, पट्टे, उशा बाहेर काढून फेकतात. तांदळाच्या पोत्याला ओल लागली असेल तर मी दोरा न उसवता नुसत्या वासावरून सांगते आणि पोतं परत पाठवते. पण ही बुरशी माझ्या पोरीच्या तोंडात होती, आणि ती परत कुठे पाठवणार?

सरांनी थेंब दिले. बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळून लावायचे होते.

घरी मी तो शब्द जसाच्या तसा नेला. डॉक्टरांनी सांगितलं ते सांगितलं, त्यात काय लपवायचं, असं मला वाटलं. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात परातीतच थांबला.

"बुरशी शिळ्या भाकरीला येती. पोरीच्या तोंडाला कशी यील? शिळंपाकं घालतीस का काय तिला?"

"मी घालते? दुपारचं तर तुमच्याच हातचं खाते ती."

"म्या ताजं घालते. तू दिसभर लोणावळ्याला. पोर कुटं काय तोंडात घालती, तुला काय ठावं?"

अक्का कांदा चिरत होती. मान वर न करता हसून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. धंदेवाली बाई ती. तिला कुटला येळ?"

'धंदेवाली' या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"माझ्या धंद्यातनं आलेल्या पत्र्याखाली बसून कांदा चिरताय अक्का. गळत नाही ना वरनं?"

मग व्हायचं ते झालं. आवाज वाढले, भाकरी करपली. शरू दाराशी उभी राहून ऐकत होती. उष्णता होती तोवर ते दुखणं तिचं होतं. बुरशी म्हटल्यावर ते माझं झालं.

थेंबांनी चट्टे गेले. औषध संपलं, चट्टे परत आले. परत औषध, परत तेच. औषध लावताना शरू चावायची. माझ्या उजव्या हाताच्या बोटावर तिच्या दातांचे व्रण असायचे आणि त्याच हाताने मी बाजारात तांदूळ दाखवायचे. तिचे ओठ कोपऱ्यांत फाटले. हसली की चिरा उकलायच्या, म्हणून ती हसू येण्याआधीच हाताने तोंड धरायची. चेहरा बारीक झाला. गणवेशाचा स्कर्ट पिन लावून घट्ट करावा लागला. जे लेकरू ताटातली कोशिंबीर चोरून खायचं, ते जेवणाची वेळ झाली की माळ्यावर जाऊन बसायला लागलं.

तपासणी

पुन्हा चट्टे आले तेव्हा यांची शिफ्ट होती. आमचे हे सुदुंबऱ्याजवळच्या एका कंपनीत आहेत. त्याआधी बरीच वर्षं ट्रकवर होते. म्हणून सोबतीला अक्का आली.

सरांनी तोंड पाहिलं, जुनी चिठ्ठी पाहिली. मग म्हणाले, "या वयाच्या मुलांना बुरशी अशी परत परत येत नाही. रक्त तपासू. साखर बघू. आणि एचआयव्ही."

आवाज खाली न आणता, साधं म्हणाले. पण माझ्या कानात दडे बसले.

"माझ्या पोरीला? कशावरून बोलताय तुम्ही?"

"असेल असं म्हणत नाही ताई. नाही ना, एवढं बघायचंय."

"बघायचं नाही मला. औषध द्या दुसरं."

"चिडा माझ्यावर. पण तपासणी करा. तुम्हा दोघांचीही केलेली बरी." आणि मग अक्काकडेही बघून ते म्हणाले, "आणि घरात घबराट नको. हे ताटातनं, पाण्यातनं, हात लावून पसरत नाही."

हे अक्काने ऐकलं होतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं. तेव्हा नंतर जे झालं ते अडाणीपणातून झालं, असं मला कोणी सांगू नये.

मी तिथूनच लोणावळ्याला माल उतरवायला गेले. अक्का शरूला घेऊन घरी गेली. संध्याकाळी मी पोचले तर हे अंगणात गाडीची साखळी पुसत बसले होते. मी म्हटलं, "सरांनी आपली दोघांचीही तपासणी सांगितलीय."

"ठावं हाय."

"कोणी सांगितलं?"

"वैनीनं. ओट्यावर चार बाया हुत्या, त्यांच्या म्होरंच. ट्रकवर व्हता ना तो, म्हनली." ते साखळीच पुसत राहिले. "तुलाबी तसंच वाटतं का?"

"मी असं काही म्हटलंय का?"

"इचारलं फकस्त."

मी लगेच 'नाही' असं म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा अक्काचा गळा धरणं चाललं होतं. मी तशीच आत गेले. माझं ते 'नाही' त्यांना ऐकायला मिळालं नाही, आणि तेव्हापासून आमच्यात एक जागा रिकामी आहे.

दुसऱ्या दिवशी शरूचं ताट वेगळं झालं. सगळ्यांची ताटं एका ओळीत आणि तिचं एकटीचं मोरीच्या बाजूला. तांब्याही वेगळा. अक्काची आर्या शरूच्याच वयाची, दोघी कायम एका ताटात जेवायच्या. आर्या सवयीने तिच्याकडे निघाली.

"आर्ये! हिकडं ये. हितं बस."

"रिपोट येईस्तवर," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "रिपोट आला की मग हायेच सगळं."

शरूने विचारलं, "आई, माझं ताट तिकडं का?"

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "तुजं तोंड दुखतंय ना बाय, म्हनून."

"तोंड दुखतंय," शरू म्हणाली. "ताट कुठं दुखतंय?"

 मी यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, "उठा. तुम्ही बाप आहात. ते ताट उचलून इकडे आणा."

हे भात कालवत राहिले. "आईम्होरं कसं बोलू? दोन दिसाचं हाय," एवढंच पुटपुटले.

मग मीच उठले. माझं ताट घेऊन मोरीपाशी शरूशेजारी बसले. तिने टाकलेला भात, चोखून ठेवलेली भेंडी, सगळं तिचं उष्टं मी त्यांच्यादेखत खाल्लं.  रागाने खाल्लं.

त्या दिवसांतली भीती कशी होती, हे मला नीट सांगता येत नाही. मी आयुष्यभर समोरच्याच्या चेहऱ्यावरून भाव ओळखत आलेय. पण रक्त घेणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, सरांच्याही नव्हतं. घासाघीस करायला समोर कोणी नव्हतंच. मी तांदूळ तोलायचे आणि काटा कुठे थांबला ते मला दिसायचं नाही. शाळेतून बाई म्हणाल्या, "बरं वाटेपर्यंत घरी ठेवा की." बरं वाटेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, ते त्यांनाही माहीत नव्हतं. बातमी शाळेत माझ्या आधी पोचली होती.

रिपोर्ट आला. काही नव्हतं. साखर ठीक, बाकी सगळं ठीक. आमच्या दोघांचेही रिपोर्ट ठीक. यांनी त्यांचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि बाहेर निघून गेले.

सासूबाईंनी लगेच ताटं एकत्र मांडली. "झालं ना आता? सोड की राग. तुज्या जागी म्या असते तर म्याबी असंच केलं असतं."

"माझ्या जागी नव्हता तुम्ही. तुम्ही तुमच्याच जागी होता."

मी पंधरवड्यात मळवली स्टेशनजवळ खोली बघितली आणि शरूला घेऊन तिकडे गेले. हे मागाहून आले, कपड्यांची पिशवी घेऊन.

आणि शरूच्या तोंडातले चट्टे तसेच होते. तिला काय झालेलं नाही, एवढंच कळलं होतं.

दात

रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा सरांनी शरूचा ओठ वर केला, दाढा पाहिल्या आणि म्हणाले, "हिला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा."

"दात तर पहिल्यापासनं असेच आहेत. मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

ते चिठ्ठी लिहीत राहिले. त्या प्रश्नाचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. इतक्या वेळा तोंड उघडून बघितलं, पण चट्टे बघणाऱ्याने दात बघितले नाहीत आणि दात बघणाऱ्याकडे कोणी पाठवलं नाही.

दातांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी शरूच्या हातात छोटा आरसा दिला, आधी स्वतःचे दात दाखवले, मग तिचे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"झोपताना काय गोड देता?"

मी सांगितलं. खोकल्याचं औषध, गुलकंद, खडीसाखर.

"खडीसाखर कशासाठी?"

"उष्णतेसाठी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "दात किडवणाऱ्या जंतूंना साखर लागते. बुरशीलाही लागते. आणि खोकल्यासाठी सारखं जंतू मारायचं औषध दिलंत की बाकीचे जंतू मरतात, बुरशी मरत नाही. तिला मोकळं रान मिळतं. या दाढांत खड्डे आहेत बघा. वरून औषध लावता तेव्हा जिभेवरची जाते, खड्ड्यांतली राहते. औषध थांबलं की परत बाहेर."

"लेण्यातली वटवाघळं," मी म्हटलं. भाज्यात राहिल्यावर दुसरं काय सुचणार? "हाकला, पाठ फिरली की परत हजर."

"तसंच. खड्डे बुजवले, सडलेले काढले की बुरशीचं प्रमाण बऱ्याचदा खाली येतं. हमी देत नाही. पण ते केल्याशिवाय नुसती औषधं लावत बसण्यात अर्थ नाही."

"किती दातांचं काम?"

"बारा. काही काढावे लागतील, काहींच्या आतल्या नसेचं काम करून वर स्टीलच्या टोप्या. ही एवढा वेळ तोंड उघडून बसणार नाही, त्यामुळे पूर्ण भूल देऊन, एकाच वेळी."

"सहा करा आत्ता."

"आणि बाकीचे सहा?"

"दुधाचेच आहेत. पडतील."

"पुढचे पडतील लवकर. मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत राहतात. तोवर कशाने चावणार ती?"

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तरी सवय जात नाही. "बरं, आठ करा."

त्यांनी आरसा खाली ठेवला. "ताई, तुम्ही तांदळाचा धंदा करता म्हणालात ना? चार ओली पोती तशीच ठेवून बाकीचा माल त्यांच्यावर रचाल?"

"बारा करा," मी म्हटलं. आयुष्यात सौद्यात इतकी साफ हरले नव्हते. आणि खरं सांगते, हरल्यावर बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला कारण सांगितलं होतं आणि त्यात 'कोणाचं पाप' असं काही नव्हतं.

भूल

ठरलं हे कळल्यावर सासूबाई मळवलीच्या खोलीवर आल्या. पाणी प्यायल्या आणि रडायलाच लागल्या.

"नगं गं सुनंदे. भूल दिल्यावर पोर भुलतं. मानूस वळखत न्हाई मागनं. दुधाच्या दातापायी जीव घालिवतीस का पोरीचा?"

मी त्यांना बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या गेल्यावर शरू माझ्या मांडीशी आली.

"आई, भूल म्हणजे मी तुला विसरणार?"

"नाही गं. झोप लागते नुसती."

"बाबांना?"

"कोणालाच नाही."

तिने विचार केला. "मोठ्या आईला विसरलं तर चालेल का?"

मोठी आई म्हणजे अक्का. कित्येक महिन्यांनी मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून तिला काही द्यायचं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. ज्या पोरीला जेव जेव म्हणून मी एवढे दिवस हातापाया पडत होते, तिने नेमकं त्या दिवशी खायला मागितलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आजीने विचारलं, "कशाचं आप्रेशन?" मी म्हटलं, "दातांचं." "एवढूशा दातांचं?" असं म्हणून तिने सुनेकडे बघून भुवया उडवल्या. पण नंतर तिनेच नातवाला दिलेला बिस्किटांचा पुडा शरूला दिसू नये म्हणून पदराखाली घेतला. अशा गोष्टी लक्षात राहतात.

भूल देणाऱ्या बाईंनी मला आतल्या दारापर्यंत शरूला कडेवर नेऊ दिलं. पुढे त्यांनी घेतलं. तिच्या पायांतल्या चपला तेवढ्या माझ्याकडे आल्या.

बाहेर बाकावर हे बसले होते. रजा टाकून आले होते. मी त्यांच्या शेजारी बसले.  त्यांनी माझ्या हातातल्या चपला घेतल्या आणि काम होईपर्यंत दोन्ही हातांत धरून बसले. कोणीतरी म्हणालं, खाली ठेवा की. त्यांनी ठेवल्या नाहीत. ताटाचं मी विसरलेले नाही. हेही विसरणार नाही.

शरू शुद्धीवर आली ती घोगऱ्या आवाजात रडत. ओठ सुजलेले, तोंडात रक्ताने भिजलेला कापूस. तिने गालाला हात लावला, ओठाला लावला, आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"आई, माझं तोंड गेलं!"

बधिर झालं होतं. मी तिचा हात धरून तिच्या गालावर फिरवत राहिले, आहे गं, इथंच आहे म्हणत.

नंतर

घरी आल्यावर थेंब आणखी काही दिवस चालू ठेवले. जुना ब्रश टाकून नवा घेतला, तेही डॉक्टरांनी बजावलं होतं. झोपताना दात घासले की मग पाण्याशिवाय काही नाही. खोकल्याचं औषध द्यावं लागलं तर नंतर चूळ, आणि दवाखान्यात आधी विचारायचं, हे खरंच लागतं का? गुलकंद बंद.

चट्टे परत आले नाहीत. एक महिना मी रोज सकाळी तिचं तोंड उजेडात धरून बघायचे, नंतर दिवसाआड, मग कधीतरी. ओठांच्या चिरा भरल्या. एके दिवशी ती भाकरीचा कडक पापुद्रा खाऊन म्हणाली, "आणखी आहे?" मी पाठ फिरवून तव्याकडे बघत राहिले.

ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना सांगते. पांढरे चट्टे पुसून निघत नसतील तर उष्णता म्हणून बसू नका. डॉक्टर रक्त तपासा म्हणाले तर तपासा, त्यात लाज नाही, पण तपासणीला कोणाला सोबत नेताय ते बघा. रिपोर्ट वाईट आला असता तरी माझ्या पोरीचं ताट वेगळं करायचं कारण नव्हतं. आणि तोंड दाखवाल तेव्हा दात बघा म्हणून तुम्हीच सांगा. दुधाचे असले तरी पोराला त्यांच्यानेच जेवायचं असतं.

गेल्या उन्हाळ्यात चुलत दिराच्या मुलीची हळद होती, भाज्यातच. जायचं नव्हतं, पण गेलो. शरूने परकर-पोलकं घातलं होतं. पाहुण्या पोरी मांडवामागे गोळा झाल्या होत्या आणि आर्याला कुठूनशी एक कैरी मिळाली होती. कैरी एक, पोरी सात-आठ.

आमच्याकडे पोरी एकमेकींना उष्टं देत नाहीत. चिमणीच्या दाताने तोडून देतात. कैरीवर फ्रॉकचं टोक ठेवायचं आणि कापडावरून चावायचं. मधे कापड आलं की तो दात चिमणीचा, आणि चिमणीच्या दाताचं उष्टं होत नाही. मी खाल्लंय, अक्काने खाल्लंय, सगळ्या खात आल्यात. आर्याने चिमणीच्या दाताने तुकडा तोडला, एकीला दिला, कैरी पुढे केली. दुसरीने तोडला. कैरी फिरत शरूकडे आली.

मी मांडवाच्या खांबापाशी उभी होते. पलीकडे अक्का हळदीचं ताट घेऊन उभी होती. दोघी तिकडेच बघत होतो.

शरूने परकराचं टोक हातात घेतलं. कैरीवर ठेवलं. मग सोडलं, आणि कैरी घेऊन माझ्याकडे आली.

"आई, कापून दे."

"चिमणीच्या दाताने दे की. त्या थांबल्यात तुझ्यासाठी."

"नको," ती म्हणाली. "सगळ्यांना खायचीय."

तिला असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. आपलं तोंड लागलं तर बाकीच्या खाणार नाहीत, हे तिचं तिनेच ठरवलं होतं.

अक्का ताट ठेवून आत गेली आणि विळी घेऊन आली. माझ्यासमोर ठेवली. तिची माफी मला ऐकायचीही नव्हती. मी कैरी चिरली. शरूने फोडी नेऊन एकेकीच्या हातावर ठेवल्या. कोयीजवळची शेवटची तिने स्वतःला घेतली आणि पोरींपासून जरा अंतरावर बसून, आपल्या स्टीलच्या दाढांनी कराकरा चावून खाल्ली. कैरी आंबट होती. तिला कुठेही झोंबली नाही.